पोलादी मेंढ्यांचा माळ

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात रटोन नावाचे लहानसे गाव आहे. कोलोरॅडोकडून रटोन खिंड उतरली की ते लागते. गावाच्या नैर्ऋत्येला, डोंगरांच्या कुशीत, ३३,००० एकरांचा एक मुलूख पसरलेला आहे. जुन्या काळी सांता फेच्या व्यापारी वाटेवरचे गाड्यांचे तांडे येथून जात. त्यांच्या चाकोऱ्या अजून दिसतात. कोळशाच्या खाणीवर वसलेले व्हॅन हाउटन हे गाव येथेच नांदले आणि येथेच उजाड झाले. १९७३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनने ही जमीन घेतली आणि नेमबाजीचे व्हिटिंग्टन सेंटर उभे केले.

आपल्याकडे छावणीच्या गावात वाढलेल्यांना चांदमारी ठाऊक असते : मातीचा उंच बांध, लाल निशाण आणि ‘तिकडे फिरकू नका’ ही वडीलधाऱ्यांची ताकीद. ती चांदमारी डोंगराएवढी झाली आहे अशी कल्पना करा, म्हणजे हा माळ डोळ्यांपुढे येईल. पण येथे कागदी लक्ष्यांच्या जोडीला पोलादी जनावरे आहेत. २०० मीटरवर कोंबड्या, ३०० वर रानडुकरे, ३८५ वर टर्की पक्षी आणि ५०० वर मेंढे! हा खेळ मेक्सिकोचा. तेथे पूर्वी जिवंत जनावरे बांधून नेम धरीत. पुढे त्यांच्या जागी पोलाद आले आणि मुकी जनावरे सुटली. नुसती गोळी लागून भागत नाही. मेंढा बैठकीवरून कोसळला तरच गुण! त्यांच्याही पलीकडे, १,१२३ यार्डांवर, एक पांढरा पोलादी गवा उभा आहे. गोळी त्याला लागली तरी तिचा ‘टण्’ आवाज परत कानी यायला तीन सेकंद लागतात.

नवख्याला वाटते, लोखंडाचा पत्रा टांगला की झाले. तसे मुळीच नाही. मऊ लोखंडाला गोळीने खळगा पडतो आणि पुढच्या गोळीचे तुकडे त्या खळग्यातून वळून थेट नेमबाजाकडे उलटतात. म्हणून पोलाद कठीण लागते, ब्रिनेल मापाने सुमारे ५०० कठिणाईचे, आणि पृष्ठ गुळगुळीत. त्यावर गोळी फुटते आणि तिचा चुरा पत्र्याच्या कडांकडे पसरतो. टांगलेला पत्रा किंचित पुढे कललेला ठेवला, तर चुरा जमिनीकडे जातो. खळगे पडलेला पत्रा मोडीत काढायचा. रायफल शंभर यार्डांच्या आत पोलादावर चालवायची नाही. पोलादी गाभ्याची गोळी वर्ज्य. चष्मा मात्र सर्वांना, बघ्यांनाही.

आणि मागे डोंगर, नाहीतर मातीचा जाड बांध हवाच. त्याच्या दर्शनी मातीत दगड राहू द्यायचे नाहीत. दगडावर आपटलेली गोळी कोठे जाईल याचा नेम नसतो. लहानशा .२२ रायफलीची गोळीसुद्धा मैलापलीकडे पोचते. तेव्हा चांदमारी बांधणाऱ्याने गोळी कोठून सुटणार हे मागाहून पाहावे. ती कोठे थांबणार हे आधी ठरवावे.

इतके करूनही एक गोष्ट पोलादाच्या आणि मातीच्या हाती नाही. पडलेले मेंढे आपोआप उठत नाहीत. कोणीतरी चालत जाऊन ते उभे करावे लागतात. त्या वेळी हुकूम होतो. सर्व रायफली रिकाम्या, बोल्ट उघडा, खाली ठेवलेल्या. नेमबाज त्यांच्यापासून दूर. त्यांना कोणी बोटही लावायचे नाही, पुसायलासुद्धा नाही. मग माणसे पाचशे मीटर चालत जातात, मेंढे उचलतात, बैठकीवर नीट बसवतात. जाताना त्यांची पाठ रायफलींकडे असते, आणि मागे वळून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. ही निर्धास्त पाठच त्या माळावरची खरी कमाई होय.