शाळा सुटल्याची घंटा

दादाच्या इंजेक्शनचा कागद हातात घेऊन मी जे बोललो, ते आठवलं की आजही ओशाळल्यासारखं होतं. दादाला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता. डॉक्टरांनी ल्युप्रोलाइड लिहून दिलं होतं. मी खोक्यातलं माहितीपत्रक उलगडलं, बारीक अक्षरातलं ‘जीएनआरएच अ‍ॅगोनिस्ट’, म्हणजे जीएनआरएच या संप्रेरकासारखंच काम करणारं, असं वाचलं आणि वहिनींना म्हणालो, “हे चुकलंय. यानं टेस्टोस्टेरॉन वाढतं. आगीत तेल ओतायचंय का?” बारावीला २८ वर्षं जीवशास्त्र शिकवलेला माणूस घरात, त्याचा शब्द कोण मोडणार? इंजेक्शन आठ दिवस फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी पडून राहिलं.

माझी फळ्यावरची आकृती सोपी होती. वर मेंदू, मध्ये पिट्यूटरी, खाली वृषण नाहीतर बीजांडकोश. मेंदूतला हायपोथॅलॅमस जीएनआरएच सोडतो, त्यानं पिट्यूटरी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं सोडते, ती रक्तातून खाली पोचतात आणि तिथे टेस्टोस्टेरॉन नाहीतर इस्ट्रोजेन तयार होतं. वरून हुकूम, खाली तामिली. खालून वर जाणारा बाणही काढायचो, पण तुटक रेषेचा, आणि तास संपता संपता. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं होतं, “सर, पण बीज सुटायचा महिन्यातला नेमका दिवस कोण ठरवतं?” मी म्हणालो, “मेंदू. पुढे लिहा.”

नवव्या दिवशी मी तावातावानं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “सर, तुमचं अर्धं बरोबर आहे. पहिले एक-दोन आठवडे ते वाढतं, म्हणून तर सोबत गोळ्या दिल्यात. पण हे औषध थांबतच नाही. आणि न थांबणाऱ्या जीएनआरएचला पिट्यूटरी काही दिवसांत जुमानेनाशी होते. मग टेस्टोस्टेरॉन तळाला जातं.” दादा शेजारीच बसला होता. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

त्या शरमेपोटी वाचायला बसलो आणि अर्न्स्ट क्नोबिल या संशोधकापाशी येऊन अडकलो. जीएनआरएच शोधल्याची कथा मी वर्गात रंगवून सांगत असे: अँड्र्यू शॅलींच्या गटानं दीड लाखाहून जास्त डुकरांच्या मेंदूंतून तो गाळून काढला, १९७१ मध्ये त्यातली दहा अमिनो आम्लं क्रमवार लावली, १९७७ मध्ये शॅली आणि गिलेमिन यांना नोबेल. तिथे माझी कथा संपायची. क्नोबिल यांची तिथून सुरू होते.

पिट्सबर्गच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऱ्हीसस माकडांच्या मेंदूतला जीएनआरएच सोडणारा भाग निकामी केला आणि तेच रसायन बाहेरून पंपानं दिलं. सलग दिलं, तर एलएच वर टिकलं नाही. मग दर तासाला फक्त सहा मिनिटं दिलं, तर एलएच, एफएसएच दोन्ही पूर्ववत. पुन्हा सलग, पुन्हा घसरण. हे १९७८ मध्ये छापून आलं.

हे वाचताना मला आमच्या शाळेतला रुळाचा तुकडा आठवला. शिपाईमामा दर तासाला त्यावर मोजके टोल द्यायचे, मग वह्या बदलायच्या, मास्तर बदलायचे. आणि घंटा घणघण घणघण वाजतच राहिली, तर कुणी वही उघडायचं नाही. दप्तरं उचलून सगळे दाराकडे पळायचे. तीच घंटा, तोच रूळ. दादाचं औषध म्हणजे ही शाळा सुटल्याची घंटा होती, आणि आयुष्यभर ती ऐकत आलेल्या मास्तरालाच ती ओळखता आली नव्हती.

पण मला खरं हलवलं ते क्नोबिल यांच्याच १९८० च्या निबंधानं. इथे पंपाची लय कायम ठेवली होती: तासाला एक ठोका, दिवस-रात्र, काडीचाही बदल नाही. तरी माकडिणींचं बीज ठरल्यासारखं महिन्याच्या मध्यावर सुटलं! पंपाला तर तारीख कळत नव्हती. दिवस ठरवला बीजांडकोशानं. आतली पुटिका वाढते, इस्ट्रोजेन चढतं, पुरेसा काळ चढलेलं राहतं, आणि पिट्यूटरी एलएचचा लोंढा सोडते. मेंदूची भूमिका क्नोबिल यांनी नुसती मुभा देणाऱ्याची मानली. मी त्याला राजा करून बसलो होतो. तो टोल देणारा निघाला. टोल बंद पडले तर शाळाच भरणार नाही हे खरं, पण वेळापत्रक तो लिहीत नाही.

उंदरांत मात्र बीज सुटण्याची वेळ मेंदूतलं घड्याळच साधतं. म्हणजे माझं उत्तर अगदीच खोटं नव्हतं, असं मी काही दिवस स्वतःला समजावलं. पण ती मुलगी उंदरांबद्दल विचारत नव्हती.

आता शेजारची दोन मुलं शिकायला येतात. त्यांना मी तो खालून वर जाणारा बाण आधी काढून दाखवतो, ठळक. दादाला दर तीन महिन्यांनी इंजेक्शन असतं, मीच घेऊन जातो. बाही वर करताना तो दर वेळी माझ्याकडे बघून विचारतो, “काय मास्तर, घेऊ ना?”