खाऱ्या पाण्याची सोयरीक

दर्यापूरचं माणूस पाणी आधी जिभेवर घेऊन बघतं. पूर्णाकाठचा आमचा खारपाण पट्टा. इथं विहिरीला पाणी लागलं की पहिला प्रश्न येतो, गोडं आहे का? पिण्याचं पाणी दुरून, शहानूर धरणातून येतं. त्यामुळं आईला घेऊन लोणारला निघालो, तेव्हा तिथल्या विवराच्या रूपाइतकीच त्यातल्या तळ्याच्या खारेपणाचीही मला ओढ होती.

अकोला मागं पडलं, पातूरचा घाट चढला, मेहकर गेलं आणि सपाट माळ एका काठाशी येऊन तुटला. खाली दीडशे मीटरवर हिरवं पाणी, भोवती दाट झाडी. जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचं ते वर्तुळ पाहून छाती दडपते. सगळा लाव्ह्याचाच काळा कातळ, त्यामुळं हे ज्वालामुखीचं मुख, असं अभ्यासकही दीर्घकाळ मानत. १९७०च्या दशकात इथल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडलं. प्रचंड आघातानंच बनणारी ही काच. ज्वालामुखीच्या आगीत ती घडत नाही. इथं उल्का कोसळली होती, अलीकडच्या मोजणीप्रमाणं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वी.

वर काठाजवळ गोमुखाची धार. आई ओंजळभर पाणी प्याली, गोडं, थंडगार. असे झरे आणि पावसाचे ओहोळ तळ्यात उतरतात, पण तळ्याला बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी उचलून नेतं, क्षार खाली राहतात. वर्षानुवर्षं साचलेल्या या क्षारांची कीर्ती ‘ऐन-इ-अकबरी’पर्यंत पोचली होती: काच आणि साबण करायला लागणारा माल इथला.

कमळजादेवीचं दर्शन घेऊन आई काठाशी वाकली, बोट बुडवून जिभेला लावलं.

“हे त आपल्याच इहिरीचं पानी!”

तिचा चेहरा उजळला होता, माहेरचं माणूस भेटावं तसा. मग मी तिला २०२०च्या जूनमधली गोष्ट सांगितली. पाणी आटून खारेपणा वाढला आणि अख्खं तळं गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. तो रंग मिठावर पोसणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा होता.

“इतक्या खाऱ्यात जगतात ते?” मीच पुन्हा नवलानं म्हणालो.

“काऊन नाही जगनार?” आई म्हणाली. “आपल्या वावरात हरभरा नाही येत का?”