बिनकवाडाचे गाव

नगर शहराचा कोट कधीच गेला, तरी दिल्ली दरवाजा आणि माळीवाड्याची वेस अजून उभी आहे. भिंगारच्या बाजूला भुईकोट किल्ला आहे आणि त्याच्याभोवती खंदक. १८०३च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने हा किल्ला घेतला. १९४२ ते १९४५ या काळात याच किल्ल्यात नेहरू, मौलाना आझाद आणि काँग्रेसचे बाकीचे पुढारी कैदेत होते. आत कोणाला येऊ द्यायचे आणि बाहेर कोणाला जाऊ द्यायचे नाही, याचा एवढा विचार झालेल्या शहराच्या तारकपूर स्टँडवर मी एसटीत बसलो, ते ज्या गावात घरांना दारेच नाहीत तिकडे जायला.

संभाजीनगरच्या रस्त्याला जेऊर लागते, मग इमामपूरचा घाट, पांढरीपूल आणि घोडेगाव. घोडेगाव म्हणजे कांद्याचा आणि जनावरांचा बाजार. इथून डाव्या हाताला शिंगणापूरचा फाटा. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी ऊस. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी इकडे आले, सोनईला सहकारी साखर कारखाना झाला आणि ज्वारी-बाजरीच्या या मुलखाचा रंग बदलला. आता फाट्यापासून गावापर्यंत रसवंत्यांची रांग आहे. त्यांतल्या कित्येकांत अजून लाकडी चरक बैल फिरवतो. मुंबई-पुण्याची माणसे त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि बैल कोणाकडेही न बघता फिरत राहतो.

महादेवाचे शिखर शिंगणापूर साताऱ्याकडे. हे शनीचे, नेवासे तालुक्यातले. देवळाची कथा इथे प्रत्येक दुकानदाराला पाठ आहे. पूर आला, पानसनाल्यातून एक काळी शिळा वाहत आली आणि बोरीच्या झाडाला अडकली. गुराख्याने काठी टोचली तर रक्त आले. शिळा कोणालाच हलेना, तेव्हा देवाने स्वप्नात सांगितले की मामा-भाच्यांनी उचलावी. त्यांनी उचलली. देऊळ बांधायचे म्हटले तर देव म्हणाला, छप्पर नको, आभाळ आहे. म्हणून साडेपाच फुटांची ती शिळा आजही उघड्या चौथऱ्यावर ऊन-पाऊस खात उभी आहे. गावाची राखण मी करीन, हे वचन त्याच कथेतले. ज्याला स्वतःला छप्पर नको, त्याच्या गावाने कडीकुलूप लावणे म्हणजे देवावर अविश्वास. असा तो हिशेब.

देवळाच्या आवारात तेलाचा वास, रुईच्या पानांच्या माळा, काळ्या बाहुल्या, घोड्याच्या नाला. शनी अमावास्येला इथे लाखोंची गर्दी लोटते. मी साध्या वारी गेलो होतो, आणि मला देवळापेक्षा गल्ल्या बघायच्या होत्या.

जुन्या घरांना चौकट आहे, उंबरा आहे, वर गणपतीची पट्टी आहे. फळ्या तेवढ्या नाहीत. पडदा असतो. रात्री कुत्री आत शिरू नयेत म्हणून एखादी फळी नुसती टेकवून ठेवतात. एका ओसरीवर लसूण निवडत बसलेल्या आजींना मी विचारले, दागिने कुठे ठेवता? त्या म्हणाल्या, “ठेवतो की घरातच. तुला कशाला पाहिजे?” या उत्तरात शनीइतकाच राखणीचा दुसरा बंदोबस्त दिसला. मी गल्लीत शिरल्यापासून चार ओसऱ्यांवरच्या नजरा माझ्या मागे होत्या.

नजरेचा हा पहारा दख्खनच्या गावाला नवा नाही. पेंढाऱ्यांच्या धामधुमीत इकडची गावे गावकुसाच्या आत राहत. संध्याकाळी वेस बंद होई. वेशीवर वेसकर असे, तो महार. कुठे रामोशी, कुठे भिल्ल जागल्या असे. नगर जिल्ह्याचेच त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त ही सगळी व्यवस्था मांडून ठेवली आहे. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली लिहिलेल्या अहवालातही गावच्या या राखणदाराचे वर्णन आहे. चोरी झाली की राखणदार माग काढी. पावलांचा माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दिला की पुढची जबाबदारी त्या गावाच्या राखणदारावर. माग जिथे संपे, तिथे चोर तरी द्यायचा नाहीतर भरपाई. म्हणजे चोरी ही एकट्या घरमालकाची अडचण नव्हती, ती साऱ्या गावाच्या अंगाशी येई. जावा बेटावरच्या खेड्यांत अजून पाळीपाळीने रात्रीची गस्त घालतात, तिला ते रोंडा म्हणतात. चौकीत बांबूचा किंवा लाकडाचा पोकळ ठोकळा टांगलेला असतो आणि तो वाजवून गाव उठवतात. आपल्याकडे आता ग्रामसुरक्षा यंत्रणेचा फोन आहे. एकाने नंबर फिरवला की गावातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर त्याचा आवाज जातो.

शिंगणापूरने काय केले, तर जागल्याचे काम देवाकडे दिले. इथे चोरी करणारा आंधळा होतो, वेडा होतो, शीव ओलांडू शकत नाही, असे सांगतात. ‘शीव ओलांडू शकत नाही’ यात मला त्या जुन्या मागाचीच खूण दिसते.

पण राखणीच्या व्यवस्थेला दुसरी बाजू होती आणि ती आपण हळूच वगळतो. जो वेसकर रात्रभर गावाची मालमत्ता राखी, त्याचे स्वतःचे घर गावकुसाबाहेर. आणि ज्यांना घरच नव्हते, पालावर राहत, त्या पारध्यांसारख्या जमातींना इंग्रजांनी जन्मानेच चोर ठरवले. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१चा. रद्द व्हायला १९५२ उजाडले. ‘गावगाडा’कार आत्र्यांचे त्याआधीचे पुस्तक ‘गुन्हेगार जाती’ याच विषयावर आहे. एवढ्या बारकाईने गाव बघणाऱ्या माणसालाही तो शिक्का खोटा वाटला नाही, याचे मला दर वेळी नवल वाटते. चोरी झाली की आधी पालावर जायचे, ही पोलिसी सवय कायद्याबरोबर रद्द झालेली नाही.

शिवाय या जिल्ह्यात सर्वांत मोठी लूट दार फोडून झालीच नव्हती. ती खतावणीतून झाली. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी दंगा सुरू झाला आणि नगरच्या पारनेर-श्रीगोंद्यापर्यंत पसरला. कुणबी सावकाराच्या घरात घुसले, ते बहुतेक ठिकाणी कागदांसाठी. कर्जरोखे आणि खाती बाहेर काढून जाळली. जमीन कागदावर जात होती. तिला कुलपाचा उपयोग नव्हता. १८७९चा शेतकरी मदतीचा कायदा त्यातून आला.

शिंगणापुरातली बँक मुख्य रस्त्यावरच आहे. युको बँकेने जानेवारी २०११ मध्ये इथे शाखा उघडली, तेव्हा बिनकुलपाची बँक म्हणून देशभर बातम्या झाल्या. खरे तर तिला काचेचे दार आहे आणि ते विजेच्या चुंबकाने बसते. कुलूप फक्त दिसत नाही. गावाचा मान राहिला, बँकेचे नियमही राहिले. त्याच्या आधीच, २०१० साली, एका भाविकाच्या गाडीतून ऐवज गेल्याची तक्रार झाली होती. ती चोरी गावाबाहेर घडली, असे सांगणारे भेटतात. सप्टेंबर २०१५ मध्ये शिंगणापूरला स्वतःचे पोलीस ठाणे मिळाले. भाविकांसाठी बांधलेल्या लॉजच्या खोल्यांना दारे आहेत. २०२५ साली देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून भाविकांकडून पूजेचे पैसे उकळल्याचे प्रकरण विधानसभेत गाजले. त्या पैशांना उंबराच ओलांडावा लागला नाही.

घरांना दारे नसलेल्या या गावात एक जागा मात्र बंद होती. चौथऱ्यावर बायकांना जाता येत नसे. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०००च्या सुमारास त्यासाठी लढा दिला. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी चौथऱ्यावर चढली, तर नंतर शिळेला शुद्धीचा अभिषेक झाला. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी उच्च न्यायालयात याचिका केली. १ एप्रिल २०१६ला न्यायालयाने १९५६च्या मंदिरप्रवेश कायद्याची आठवण देऊन सरकारला तो पाळायला लावला. आठवड्याने गुढीपाडवा होता. पाडव्याला प्रवरासंगमाहून पाणी आणून शनीला घालायची गावातल्या पुरुषांची रीत आहे. त्या दिवशी ते, पुरुषांनाही मनाई असताना, चौथऱ्यावर गेले, आणि मग विश्वस्तांनी चौथरा सगळ्यांनाच खुला केला.

जेवायला थांबलो तिथल्या मालकाने सांगितले, हल्ली शेतातल्या वस्तीवर लोक दार लावायला बघतात. चोरासाठी नाही, बिबट्यासाठी. उसात बिबटे माजलेत. शनीचे वचन चोरांपुरते आहे, एवढी सवलत देवालाही द्यायला हवी.

परतताना सोनईमार्गे नेवासे फाट्याची जीप घेतली. सोनई अगदी जवळ, आणि तिथे सगळ्या घरांना कड्या-कोयंडे. याच सोनईच्या शिवारातल्या एका वस्तीवर १ जानेवारी २०१३ रोजी तीन तरुणांचा खून झाला. ते मेहतर समाजाचे होते, फाट्याकडच्या एका शिक्षणसंस्थेत सफाईचे काम करीत. त्यांतल्या एकाचे सवर्ण मुलीवर प्रेम होते. शौचालयाची टाकी साफ करायची आहे, असे सांगून त्यांना बोलावून नेले होते. खटला नाशिकला चालला आणि जानेवारी २०१८ मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. दरम्यान २०१४च्या एप्रिलमध्ये याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला एका दलित शाळकरी पोराला मारून झाडाला टांगले. त्या खटल्यातले आरोपी २०१७ मध्ये निर्दोष सुटले.

जीपमध्ये शेजारी बसलेले पाव्हणे शिंगणापूरचे कौतुक सांगत होते. सोन्याची माळ ओसरीवर विसरली तरी सकाळी तिथेच सापडते म्हणाले. मी सोनईच्या त्या खटल्याचे विचारले. “ते होय,” ते म्हणाले, “ते काय चोरीचं प्रकरण नव्हतं.” आणि फाटा आला म्हणून भाड्याचे पैसे काढू लागले.