गुडघ्यातली एकटी पेशी

कूर्चेची स्लाइड मी पहिल्यांदा पाहिली ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी, प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला. फिकट, नितळ पसारा आणि त्यात कुठे एकेकट्या, कुठे जोडीने बसलेल्या पेशी. रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. जर्नलमध्ये काढायला सोपी आकृती, म्हणून आम्हां मुलींची आवडती. पुढे मी हाच विषय शिकवायला लागले आणि तीच स्लाइड वर्षानुवर्षं मुलांना दाखवत राहिले.

या पेशींचं जगणं विलक्षण आहे. सांध्यातल्या कूर्चेत त्यांचा वाटा जेमतेम दोन टक्के. बाकी सारं पाणी, कोलॅजेनचे धागे आणि पाणी धरून ठेवणारे ॲग्रिकनचे रेणू. यातले धागे आणि रेणू त्यांनीच घडवलेले. रक्त पोचत नाही, त्यामुळे पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून झिरपून; गुडघ्यावर भार येऊन सुटत राहिला की ते अधिक नीट पोचतं. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१६ मध्ये फार सुंदर गोष्ट दाखवली. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनची खूण त्यांनी गुडघ्याच्या कूर्चेत शोधली, आणि मोठ्या माणसातलं हे कोलॅजेन जवळजवळ बदललंच जात नाही, असं निघालं. म्हणजे आज मी जिना चढते तो बहुतांशी खो-खो खेळायच्या वयात विणल्या गेलेल्या धाग्यांवर.

आजीच्या गुडघ्यांना कायम निरगुडीचा पाला बांधलेला असे. मग साठीच्या सुमारास आईचे गुडघे धरले. एक्स-रेत हाडांमधली फट कमी झालेली, रक्तातून दाह तपासणारी ईएसआर चाचणी नॉर्मल. ‘झीज आहे, वय झालं,’ एवढं ऐकून ती घरी आली आणि तिने ते मानलंही. मला मात्र पटेना. संध्याकाळी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला तर तो कोमट लागायचा, वाटीच्या वर सूज असायची. नुसतं घासून झिजलं असेल, तर ही ऊब कुठली?

याचं उत्तर मला ऑनर फेल यांच्या प्रयोगात मिळालं. केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेच्या त्या चार दशकं संचालक होत्या, आणि ते पद सोडल्यावरही प्रयोग करत राहिल्या. १९७७ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी जब यांनी डुकराच्या सांध्यातली कूर्चा आणि सांध्याचं आतलं अस्तर एकाच बशीत, पण एकमेकांना न चिकटवता ठेवलं. तरीही कूर्चा विरत गेली. कूर्चेतल्या पेशी आधीच मारून टाकल्या, तर मात्र दूर ठेवलेल्या अस्तराचा तिच्यावर परिणाम होईना. म्हणजे अस्तरातून निरोप येत होता आणि मोडतोड कूर्चेची स्वतःची जिवंत पेशी करत होती! तो निरोप इंटरल्यूकिन-१ नावाच्या प्रथिनाचा, हे पुढे १९८०च्या दशकात कळलं.

तो निरोप पोचला की पेशी नवं विणणं कमी करते आणि कापणारी विकरं सोडू लागते. काही विकरं ॲग्रिकन तोडतात, एमएमपी-१३ नावाचं विकर कोलॅजेन तोडतं. तुटलेले तुकडे द्रवात उतरून अस्तराला पुन्हा चेतवतात, अस्तर आणखी निरोप धाडतं. घर बांधणाऱ्या गवंड्याने त्याच घराच्या विटा काढाव्यात, तसं हे. हा दाह मंद असतो, म्हणून रक्ताच्या तपासणीत बहुधा दिसत नाही. शरीरातली जादा चरबीही असेच संदेश रक्तात सोडते. ज्यांच्यावर शरीराचा भार पडत नाही ते बोटांचे सांधेही स्थूल माणसांत जास्त दुखतात, त्यामागे हे एक कारण मानलं जातं.

इंटरल्यूकिन-१ अडवणारी औषधं गुडघेदुखीवर वापरून पाहिली गेली, पण मोठ्या चाचण्यांत वेदना म्हणावी तशी कमी झाली नाही. मोडतोड थांबवेल असं औषध अजून नाही. हे मला फार लागतं. पण हाती काहीच नाही, असंही नाही. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. मांडीचे स्नायू बळकट केल्याने वेदना कमी होते, हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आईने हे दोन्ही केलं, आणि ती आता मंडईत चालत जाते.

तुमच्या घरात कुणाचे गुडघे सुजत असतील, तर वय झालं म्हणून त्यांना खुर्चीत बसवून ठेवू नका. डॉक्टरांना दाखवा, फिजिओथेरपिस्टकडून मांडीचे व्यायाम शिकून घ्या आणि रोज त्यांच्याबरोबर तुम्हीही करा.