आपण आत होतो की बाहेर?

मुदखेड हे रेल्वेचे आणि फुलांचे गाव. सिकंदराबादहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आदिलाबादचा फाटा इथेच फुटतो, आणि आसपासच्या मळ्यांतली फुले इथूनच बाजाराला जातात. गावात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे आमच्याकडच्या मुलांना कवायत, शिपाई आणि बंदूक यांचे अप्रूप लहानपणापासून. गल्लीत क्रिकेट नसले की लढाई सुरू असते.

एके दिवशी आमचा धाकटा अशाच लढाईतून रडवेला होऊन घरी आला. तेव्हा तो चौथीत होता. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास असतो, त्यामुळे गल्लीतल्या लढाईतही किल्ला असतो, मावळे असतात आणि मुघल असतात. धाकट्याची तक्रार एवढीच होती, "हर बार मैंच मुगल!" नाव ऐकले की खेळणारी मुले त्याची बाजू ठरवून टाकतात. ती त्याचे दोस्तच आहेत, ईदला आमच्याकडे शिरखुर्मा खाऊन जातात. त्यांच्या मनात काही वाईट नाही. म्हणून आम्ही त्याला म्हणालो, "खेळच आहे बेटा, आज तू हो, उद्या दुसरा होईल." पण उद्या दुसरा झाला नाही. आणि खरे सांगायचे तर ती गोष्ट आमच्याही मनात काट्यासारखी राहिली. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. घरच्या मुलाला एवढेही समजावता येऊ नये?

नाताळच्या सुट्टीत आम्ही ठरवले, मुलाला खरा किल्ला दाखवायचा. कंधारचा भुईकोट किल्ला आमच्या जिल्ह्यातलाच, तो पाहून झाला होता. या वेळी डोंगरावरचा आणि सगळ्यांनी हवासा मानलेला किल्ला निवडला. देवगिरी, म्हणजेच दौलताबाद. मुदखेडहून जाणाऱ्या गाडीचे नावही देवगिरी एक्सप्रेस, त्यामुळे मुलांना अर्धा प्रवास झाल्यासारखाच वाटला. संध्याकाळी निघालो, रात्री उशिरा नातेवाइकांच्या घरी पोहोचलो. शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. आमच्या अम्मींच्या तोंडी मात्र औरंगाबादच येते.

सकाळी एसटीने निघालो. शहरापासून साधारण पंधरा किलोमीटर. डोंगर दुरूनच दिसतो, कुणी शेंडा कापलेल्या शंकूसारखा. जवळ गेल्यावर कळते की खालचा भाग निसर्गाचा नाही. माणसांनी कडा चारी बाजूंनी तासून भिंतीसारखा उभा केला आहे, पाल चढायलाही जागा ठेवलेली नाही. त्याच्या पायथ्याशी खडकातच खोदलेला खंदक, आणि तो ओलांडायला एकच अरुंद पूल. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात इथे आला होता. वर जाण्यासाठी चामड्याची शिडी असे आणि रात्री ती वर ओढून घेत, असे त्याने लिहून ठेवले आहे. इथल्या कैदखान्यातले उंदीर मांजरांपेक्षा मोठे असत, हेही त्यानेच लिहिले आहे. उंदरांची गोष्ट ऐकून धाकट्याचा रुसवा तिथेच संपला.

अम्मींचे गुडघे दुखतात. त्या चांद मिनाराजवळच्या सावलीत बसल्या. "तुम जाओ, मैं दुआ करती बैठती," म्हणाल्या. हा चार मजली मिनार बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहाने १४४५ च्या सुमारास बांधला. त्याच्या समोर जुनी जामा मशीद आहे, १३१८ ची, कुतुबुद्दीन मुबारक खिलजीच्या काळातली. तिचे खांब बारकाईने पाहिले की त्यांवरचे कोरीव काम मशिदीचे नाही, आधीच्या मंदिरांचे आहे, हे ध्यानात येते. आणि १९४८ पासून तिथे भारतमातेची मूर्ती आहे. थोरली नववीत, तिला प्रश्न पडणारच. आम्ही दोन्ही गोष्टी जशा आहेत तशा सांगितल्या. एक सांगून दुसरी झाकली असती, तर पुढच्या पायऱ्या चढण्यात काही अर्थ उरला नसता.

पायथ्याला एक वयस्कर वाटाड्या मिळाला, हातात पलिता. चालता चालता तो सांगत होता. दरवाजांवर अणकुचीदार खिळे, शत्रूच्या हत्तीने धडक मारू नये म्हणून. वाट एकदम वळते, शत्रूला जोर घेऊन धावता येऊ नये म्हणून. मग ती प्रसिद्ध अंधारी आली, डोंगराच्या पोटातून वर जाणारा काळोखी, वळणावळणाचा जिना. वटवाघळांचा उग्र वास, पायाखाली ओल. पलिता विझवून त्याने क्षणभर आम्हाला काळोखात उभे केले. स्वतःचा हात दिसेना. वरचे तोंड लोखंडाने बंद करायचे, तिथे आग पेटवायची आणि धूर आत सोडायचा. शत्रू गुदमरून मेला पाहिजे, अशी योजना.

शत्रू, शत्रू ऐकून धाकट्याने काळोखातच विचारले, "काका, शत्रू म्हणजे कोण?"

वाटाड्या हसला. "बाळा, ज्याच्या ताब्यात किल्ला नाही, तो शत्रू."

अंधारीतून उजेडात आलो तेव्हा धाकटा आमचा हात ओढत म्हणाला, "अब्बा, फिर अपन अंदर थे क्या बाहर?"

हाच तो प्रश्न होता. गल्लीत त्याला नीट विचारता आला नव्हता, एवढेच. आम्ही पायरीवर बसलो, पाण्याची बाटली काढली आणि किल्ल्याच्या तारखा एकेक करून मांडल्या.

१२९६ मध्ये आत रामदेवराय यादव, बाहेर अलाउद्दीन खिलजी. धान्य समजून गडावर आणलेल्या गोण्यांत मीठ निघाले आणि राजाला तह करावा लागला, असे सांगतात. इथपर्यंत गोष्ट पोराच्या खेळासारखीच आहे. पण पुढे? १३४७ मध्ये दिल्लीच्या सुलतानाविरुद्ध दख्खनच्या अमीरांनी इथेच बंड केले आणि बहमनी राज्य उभे राहिले. दोन्हीकडे मुसलमान. १६३३ मध्ये आत निजामशाहीचा फत्तेखान, बाहेर शहाजहानचा सरदार महाबतखान. पुन्हा दोन्हीकडे मुसलमान, आणि दोन्हीकडे मराठेही. निजामशाही वाचवायला धडपडणाऱ्यांत शहाजीराजे होते. सुरुंगांनी बाहेरचे तट फुटले, आतले धान्य संपले, तेव्हा किल्ला शरण गेला. गादीवर बसवलेला हुसैन निजामशहा अजाण मूल होता. त्याला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवले. १७६० मध्ये आपल्या शेजारच्या उदगीरला पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली, आणि तहात हा किल्ला काही काळ मराठ्यांकडे गेला. त्या लढाईत मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा कोण होता? इब्राहिमखान गारदी. पुढच्याच वर्षी पानिपतावर तो मराठ्यांसाठी लढला आणि त्यातच त्याचा जीव गेला.

कडू गोष्टीही सोडल्या नाहीत. १६२९ मध्ये निजामशहाने लखुजी जाधवांना याच किल्ल्यात दरबारात बोलावून मुलांसह ठार केले. लखुजी म्हणजे जिजाऊंचे वडील. ज्याच्यासाठी लढले, त्यानेच दगा दिला. थोरली बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे हे सगळे खुर्चीसाठी."

बहुतेक खुर्चीसाठीच. आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आणून दिली. इतके वेढे पडले, पण हा तासलेला कडा चढून कुणी किल्ला जिंकल्याचे वाचनात येत नाही. किल्ला गेला तो भुकेने, फितुरीने नाहीतर तहाने. दगड भक्कम होता, कच्ची राहिली ती माणसे.

मधल्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. मागच्या बाजूला मेंढ्याचे डोके, अंगावर फारसी अक्षरे. थोरलीने उर्दूच्या जोरावर वाचायचा प्रयत्न केला आणि औरंगजेबाचे नाव तिला लागले. तोफेचे नाव 'किल्ला शिकन', म्हणजे किल्ला फोडणारी. फोडणारी तोप आणि ठेवलेली किल्ल्यावरच! त्याच परिसरात चिनी महाल आहे, निळ्या फरशांचे तुकडे अजून भिंतीला चिकटलेले. गोवळकोंड्याचा शेवटचा बादशहा अबुल हसन तानाशाह १६८७ मध्ये हरल्यावर त्याला इथे आणून ठेवले. उरलेले आयुष्य त्याने इथेच काढले.

अंधारीनंतर पुन्हा पायऱ्या. धाकट्याने मोजायला घेतल्या होत्या, चारशेनंतर गणती चुकली. शहाजहानच्या भेटीसाठी बांधलेली बारादरी लागली, तिच्या सज्जात भणाण वारा. तिथून वरचा माथा म्हणजे नुसता माळ. पिवळे पडलेले गवत, खुरटी झुडपे, ठिसूळ दगड, आणि सगळ्यात वरच्या बुरुजावर एक तोफ, कुणावरही न रोखलेली. चारी दिशा मोकळ्या. पहारेकऱ्याला दिवसभराच्या वाटेवरचा घोडेस्वार दिसत असेल. आम्हाला दिसला तो खाली बोटाएवढा झालेला चांद मिनार आणि त्याच्या सावलीत कुठेतरी असलेल्या अम्मी. धाकट्याने तिथून जोरात हाक मारली, "दादीऽऽ!" ती अर्थातच पोहोचली नाही.

माथ्याजवळ जनार्दनस्वामींची गुहा आहे, पादुका आहेत. सोळाव्या शतकात निजामशाहीचे हे किल्लेदार. त्यांचे गुरू चांद बोधले हे सूफी परंपरेतले मानले जातात, आणि शिष्य म्हणजे पैठणहून लहानपणी इथे आलेले संत एकनाथ. गुरुवारी स्वामींच्या उपासनेसाठी किल्ल्याचे कामकाज बंद असे, असे सांगतात. मुसलमान सुलतानाचा किल्ला, हिंदू संत किल्लेदार आणि त्याचा गुरू चांद. वर्गात आम्ही एकनाथांचे धडे इतकी वर्षे शिकवले, पण ते या वाऱ्यात आणि या गवतात बसून शिकले, हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले.

तिथेच बसून डबा सोडला. चपात्या, अंडी, लोणचे. खाता खाता थोरलीने विचारले, "मग या किल्ल्यातून आपल्याला काय मिळाले?" आम्ही म्हणालो, "तू आत्ता भावाला काय म्हणालीस?" ती म्हणाली होती, "अचार नको, मेरेकू चपाती दे." १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणली. लोकांचे अतोनात हाल झाले, आणि राजधानी शेवटी परत गेली. पण सगळे परतले नाहीत. शिपाई, कारागीर, सूफी, शायर यांतले अनेक इथेच राहिले. त्यांच्या तोंडची दिल्लीची बोली इथल्या मराठीच्या शेजारी वाढली, तिची दखनी झाली. तो 'नको' मराठीतला, तो 'मेरेकू' दखनीतला. सातशे वर्षांची कमाई आमच्या डब्यावर बसून बोलत होती. बादशहांची राज्ये गेली. बोली मात्र कुणाला वेढा घालून जिंकता आली नाही.

उतरलो, गावातल्या मशिदीत जुहरची नमाज पढली आणि घाट चढून खुलताबादला गेलो. तिथे जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची उघडी, साधी कबर आहे. त्याने जन्मभर कैदेत ठेवलेला तानाशाहही याच गावात दफन आहे. आणि दौलताबादचा खरा कर्ता पुरुष मलिक अंबर, हाही इथेच. हबश देशात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. मराठा घोडदळाच्या बळावर त्याने मुघलांना वर्षानुवर्षे दमवले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. औरंगाबाद शहराची पहिली वस्ती आणि तिथली नहर त्याचीच. कुरआनात जमिनीवर फिरून आधीच्या लोकांचा शेवट पाहायला वारंवार सांगितले आहे. जिंकलेला, हरलेला आणि गुलामीतून वर आलेला, तिघेही हाकेच्या अंतरावर मातीत. अम्मींनी सगळ्यांसाठी फातिहा पढला. कोण कुणाचा शत्रू, हे त्यांनी विचारले नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. सकाळी लवकर चढा, पाणी आणि बॅटरी सोबत घ्या, वृद्धांना खाली सावलीत बसवा. आणि मुलांचे प्रश्न टाळू नका.

परत आल्यावर धाकटा पुन्हा गल्लीत खेळायला गेला. पुन्हा त्याला मुघल केले. या वेळी तो म्हणाला, "मी मलिक अंबर होणार. तू शहाजीराजे हो. आपण दोघे आत." दुसऱ्या मुलाने विचारले, "मलिक अंबर कोण?" लढाई थांबली. पाच-सहा पोरे आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि धाकट्याची गोष्ट ऐकू लागली, अंधारीसकट, उंदरांसकट.

दारात उभे राहून आम्हीही ऐकत होतो. त्यांतली दोन मुले आमच्याच शाळेतली. वीस वर्षे शिकवतो आहोत, पण हे नाव आम्ही त्यांना कधी सांगितले नव्हते. मुलांनी चुकीची बाजू ठरवली, कारण दुसरी गोष्ट त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. ती सांगायचे काम आमचे होते.