गावाचं नाव असलेलं चीज

अमेरिकेतल्या मोठ्या किराणा दुकानात चीज दोन ठिकाणी मिळतं. एक जागा दुकानाच्या अगदी मागच्या भिंतीला, दुधाच्या कपाटांशेजारी. तिथे किसलेल्या चीजच्या फुगलेल्या पिशव्या, स्लाइसची पाकिटं आणि पिवळ्या-केशरी वड्या ओळीनं मांडलेल्या असतात. दुसरी जागा बहुतेक वेळा दाराच्या अलीकडे, ब्रेड आणि डेलीच्या बाजूला. तिथे कमरेइतकी उंच, वरून उघडी थंड पेटी असते, तिच्यात निरनिराळ्या आकाराचे तुकडे असतात आणि पलीकडे सुरी घेऊन कुणीतरी उभं असतं. दूध, दही, अंडी घ्यायला मागच्या भिंतीशी जावंच लागतं, म्हणून नव्यानं आलेली बहुतेक मराठी कुटुंबं चीजही तिथूनच उचलतात. ओहायोतल्या सिनसिनाटीजवळच्या मेसनमध्ये राहायला आल्यावर आमच्या घरीही बरेच दिवस तेच चाललं होतं.

आमच्या चिपळूणच्या घरात चीज म्हणजे अमूलचा डबा. तो उघडला की टोस्ट सँडविच व्हायचं, आणि पाहुणे असतील तर पावभाजीवर किसून पडायचं. ते प्रोसेस्ड चीज. तयार चीज गरम करून वितळवायचं, तेल-पाणी वेगळं होऊ नये म्हणून त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार घालायचे आणि साच्यात ओतायचं. शिकागोच्या जेम्स क्राफ्ट यांनी १९१६ मध्ये या प्रकारच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. असं चीज टिकतं, दूरवर पाठवता येतं आणि प्रत्येक वेळी चवीला तसंच लागतं. टोस्टवर मला ते अजूनही आवडतं. पण त्याला एकच चव असते, आणि चीज म्हणजे एवढंच असं आपण धरून चालतो.

मागच्या भिंतीपाशी पहिली उपयोगी पडली ती लेबल वाचायची सवय. पाकिटावर नुसतं ‘चेडर चीज’ असेल तर ते खरोखर चेडर असतं. ‘प्रोसेस चीज फूड’ म्हटलं असेल तर कायद्यानं त्यात वजनाच्या निदान ५१ टक्के चीज हवं, बाकीचं दुधाची पावडर, व्हे वगैरे. ‘चीज प्रॉडक्ट’ असं लिहिलेलं असेल तर त्याला अशी ठरलेली व्याख्याच नाही. किसलेल्या पिशव्यांमध्ये खरं चीज असतं, पण कीस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला बटाट्याचा स्टार्च किंवा सेल्युलोजची पूड लावलेली असते. सॉसमध्ये घातलं की ती पूड जाणवते, सॉस गुळगुळीत होत नाही. आपल्या घरात किसणी असतेच. अख्खी वडी आणून घरी किसली की त्याच दुकानातलं, साधारण त्याच भावातलं चीज एकदम सुधारतं.

केशरी चेडर आणि पांढरं चेडर यांत फरक काय, असं मला नेहमी विचारतात. फरक रंगाचा. तो रंग अ‍ॅनाटोचा, म्हणजे आपल्या शेंद्रीच्या बियांचा. आमच्या परसात शेंद्रीचं झाड होतं, लहानपणी त्या बिया चोळून आम्ही हात लाल करून घ्यायचो.

दुसऱ्या जागेशी माझी ओळख झाली ती तिथल्या बाईंमुळे. आम्ही जातो त्या क्रोगर या किराणा दुकानात मरेज चीजचं काउंटर आहे. मरेज हे न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमधलं १९४० पासूनचं दुकान. क्रोगरनं आपल्या दुकानांमध्ये त्यांची काउंटरं उघडली आणि २०१७ मध्ये ती कंपनीच विकत घेतली. मी पेटीपाशी घुटमळत होते. बाईंनी आधी विचारलं, घरी काय शिजवता? मी डाळ, भाज्या, पोळी असं सांगितल्यावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि एका मोठ्या चाकाचा पापुद्र्याइतका पातळ काप कागदावर ठेवून पुढे केला. चव पाहायला पैसे पडत नाहीत आणि चाखलं म्हणून घ्यावंच लागत नाही, हे तेव्हा कळलं. आपल्याकडे आंबेवाला फोड कापून देतो, त्यात काही संकोच नसतो. इथे मात्र आपली माणसं लाजतात. लाजू नये. ज्या दुकानात चाखायला देतात तिथेच महागाचं चीज घ्यावं.

त्या बाईंकडून मी पुष्कळ शिकले. वेष्टनावर तुकडा कापल्याची तारीख असते, ती बघायची. प्लास्टिकमध्ये आठवडे काढलेल्या तुकड्याला प्लास्टिकचाच वास लागतो. ब्री हलकेच दाबून पाहायची, मधोमध खडूसारखी कडक लागली तर ती अजून तयार नाही. घरी आणलेलं चीज मेणकागदात गुंडाळायचं आणि खाण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवायचं, कारण थंडगार चीजला चवच येत नाही. बऱ्याच काउंटरांच्या कडेला एक टोपली असते, तिच्यात कापून उरलेले छोटे तुकडे दोन-चार डॉलरला मिळतात. पाऊंडाला पंचवीस-तीस डॉलरचं चीज आमच्या घरी पहिल्यांदा आलं ते त्या टोपलीतूनच.

सुरुवातीला मी युरोपचंच चीज घ्यायचे. इटलीचं पार्मिजानो-रेजानो ओळखायला सोपं, त्याच्या सालीवर ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटवलेलं असतं. तसं नाव नसलेलं, अमेरिकेत नुसतं ‘पार्मेझान’ म्हणून विकलं जाणारं चीज कुठेही बनलेलं असू शकतं. मग ऑक्टोबर २०१९ मध्ये विमानकंपन्यांच्या अनुदानावरून अमेरिका आणि युरोप यांच्यात चाललेल्या वादात अमेरिकेनं युरोपच्या बऱ्याच चीजवर २५ टक्के जादा आयातशुल्क लावलं. किमती चढल्या. बाईंना मी विचारलं, याच्या तोडीचं इथलं काही आहे का? त्या खूश झाल्या. बहुधा कुणी हे विचारावं याचीच वाट पाहत असाव्यात.

त्यांनी दाखवलं ते प्लेझंट रिज रिझर्व्ह, विस्कॉन्सिनमधल्या डॉजव्हिलच्या अपलँड्स चीजचं. गायी कुरणात चरत असतात त्या महिन्यांतलंच दूध त्यासाठी वापरतात, थंडीत ते करतच नाहीत. दूध न तापवता वापरतात. अमेरिकेत असं चीज निदान ६० दिवस मुरवल्याशिवाय विकता येत नाही, पण हे तर त्याहून कितीतरी जास्त मुरवलेलं असतं. अमेरिकन चीज सोसायटीच्या स्पर्धेत ते २००१, २००५ आणि २०१० अशा तीन वेळा सर्वोत्तम ठरलं. पहिला घास खारट-गोड, मग भाजलेल्या दाण्यांची चव, आणि गिळल्यावरही तोंडात कितीतरी वेळ गवताचा वास. अमेरिकेत खाण्याला चव नसते असं आपल्या मंडळींच्या गप्पांत सर्रास ऐकू येतं. त्या दिवसापासून मी ते वाक्य खोडून काढते. त्याच वर्षी, २०१९ मध्ये, इटलीतल्या बेर्गामोला भरलेल्या जागतिक स्पर्धेत ओरेगनचं रोग रिव्हर ब्लू पहिलं आलं, अमेरिकन चीजला तो मान प्रथमच मिळाला. द्राक्षाची पानं नासपतीच्या मद्यात भिजवून त्यांत हे निळं चीज गुंडाळतात. मला ते खूप उग्र वाटतं, नवऱ्याला मात्र प्राणप्रिय आहे.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाहते: वेष्टनावर गावाचं किंवा डेअरीचं नाव आहे का. नाव असलं म्हणजे चीज चांगलंच असेल असं नाही. पण कुणीतरी त्याची जबाबदारी घेतलेली असते, आणि त्याबद्दल विचारता येतं.

आमच्या ओहायोतही अशी गावं आहेत. अमेरिकेत स्विस चीज करण्यात हे राज्य आघाडीवर आहे. होम्स काउंटीत आमिश लोकांची शेतं आहेत. तिथल्या चार्म गावाजवळ स्वित्झर्लंडहून आलेल्या आल्फ्रेड गुगिसबर्ग यांनी १९६० च्या दशकात ‘बेबी स्विस’ हा लहान छिद्रांचा, जास्त मऊ प्रकार काढला. ती छिद्रं जिवाणूंची करामत: चीज मुरताना ते कार्बन डायऑक्साइड सोडतात, वायू अडकतो आणि पोकळ्या होतात. आम्ही गाडीनं तिकडे गेलो. काचेपलीकडे हौदातलं दूध साकळताना मुलीनं पाहिलं, आणि दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही बेबी स्विस नुसतंच खाल्लं, ब्रेडशिवाय.

आई चिपळूणहून राहायला आली तेव्हा मात्र सगळी निवड नव्यानं करावी लागली. आई पूर्ण शाकाहारी. दूध साकळवायला लागतं ते रेनेट परंपरेनं वासराच्या जठरातून काढतात. पार्मिजानोला तर दुसरं रेनेट चालतच नाही, तसा नियमच आहे. ग्रुयेर आणि रोकफोर चीजही आईनं त्याच कारणानं बाजूला सारलं. अमेरिकन वेष्टनांवर बहुधा नुसतं ‘एन्झाइम्स’ लिहिलेलं असतं, त्यावरून काही कळत नाही. ‘मायक्रोबियल’ किंवा ‘व्हेजिटेरियन रेनेट’ असं स्पष्ट लिहिलेलं शोधावं, नाहीतर डेअरीला विचारावं. ती उत्तर देते. कापडात बांधून मुरवलेल्या चेडरच्या बाबतीत आणखी एक पाहावं लागतं: व्हरमाँटच्या कॅबट क्लॉथबाउंडसारख्या चीजच्या कापडाला डुकराची चरबी चोळतात.

वासराच्या जीनवरून सूक्ष्मजीवांकडून रेनेटमधलं तेच एन्झाइम करून घ्यायला अमेरिकेत १९९० मध्ये परवानगी मिळाली, आणि आज इथलं बहुतेक चीज त्यानंच बनतं. हे चालेल का, ते मी आईवरच सोडलं. तिनं दिवसभर विचार केला. रात्री भांडी आवरताना म्हणाली, “वासराला धक्का लागत नाही ना? मग चालेल गं.”

मग आम्ही फेअरफील्डच्या जंगल जिम्समध्ये गेलो. दुकान प्रचंड, एका टोकाला आपली तूरडाळ आणि कढीपत्ता, दुसरीकडे चीजचा अख्खा विभाग. पोर्तुगालमध्ये काही चीज रेनेटऐवजी एका काटेरी झाडाच्या फुलातल्या तंतूंनी साकळवतात, तसलं मेंढीच्या दुधाचं एक मिळालं. आईला त्याची पद्धत पसंत पडली, चव नाही. तिची गाडी थांबली ती शाकाहारी रेनेटच्या जुन्या गौड्यापाशी. रंग गडद, मधेमधे कुरकुरणारे कण. तिला ते साखरेचे वाटले. मुरताना प्रथिनं फुटतात, त्यातून सुटलेल्या टायरोसीनचे ते स्फटिक. पण तिचं लक्ष चवीकडे होतं. “अगं, ही तर तुपाची बेरी!” मी हे चीज किती वेळा खाल्लं होतं, पण लोणी कढवल्यावर भांड्याच्या बुडाशी राहणाऱ्या बेरीची आठवण मला कधी झाली नव्हती. मेक्सिकन कप्प्यातलं, तळलं तरी न वितळणारं चीजही तिनं आपलंसं केलं, पनीरऐवजी मटारच्या रश्श्यात घालून.

आमच्या घराजवळच्या एका दुकानानं अलीकडे कापून देणं बंद केलं. सुरी गेली, पेटीत सगळं कारखान्यातून आलेलं पॅकबंद. मला याचं फार वाईट वाटतं, कारण विचारायला माणूसच नसला की नवं गिऱ्हाईक मागच्या भिंतीकडेच वळणार. बहुतेक दुकानांत ग्राहकाला मागणी नोंदवता येते. मी व्यवस्थापकांना भेटून होम्स काउंटीच्या एका डेअरीचं नाव लिहून दिलं. त्यांचं चीज आलं. सगळ्यात खालच्या फळीवर ठेवलंय, वाकल्याशिवाय दिसत नाही. ते खपलं तरच पुढची खेप मागवतील, म्हणून मी तर घेतेच, शेजारच्या देशपांडे वहिनींनाही घ्यायला लावते.