कोचीची वॉटर मेट्रो

कोचीच्या विमानतळाला लागून पंचेचाळीसेक एकरांवर सौर पॅनलच्या रांगा पसरलेल्या आहेत. ऑगस्ट 2015 मध्ये इथला 12 मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला आणि संपूर्णपणे सौरऊर्जेवर चालणारा जगातला पहिला विमानतळ म्हणून याची नोंद झाली. दिवसा उरलेली वीज राज्याच्या ग्रिडला द्यायची आणि रात्री तिथून परत घ्यायची, असा इथला हिशेब. पॅनलच्या मधल्या जागेत भाजीपाला पिकवतात, याचं मला फार कौतुक वाटलं.

विमानतळावरून अलुवापर्यंत बसने आलो, तिथून मेट्रोने वैट्टिलाला उतरलो. मेट्रो स्टेशन, मोठा बसतळ आणि बोटीचा धक्का, तिन्ही इथे शेजारी शेजारी. पायऱ्या उतरून थोडं चाललं की पाणीच. विजेवर चालणाऱ्या बोटींची ही वॉटर मेट्रो एप्रिल 2023 मध्ये सुरू झाली. हायकोर्ट ते वैपीन हा मार्ग पहिला, आणि लगेच दुसऱ्या दिवशी वैट्टिला ते काक्कनाड.

धक्क्यावर मी मुद्दाम एक बोट सोडून दिली, चढउतार पाहायला. भरती-ओहोटीने पाणी वरखाली होतं. पण इथला धक्का तरंगता असल्यामुळे तोही पाण्याबरोबर वरखाली होतो आणि बोटीची फळी कायम त्याच्या पातळीत राहते. दोन्ही हातांत पिशव्या घेतलेल्या एक आजी कोणाचाही हात न धरता आत गेल्या. त्यांच्या मागून एका मुलाची व्हीलचेअर तशीच सरळ आत गेली. आपल्याकडे हलत्या लाँचमध्ये पाय टाकताना म्हाताऱ्या माणसांची काय तारांबळ उडते, ते ज्याने पाहिलंय त्याला याचं मोल कळेल.

बोट कोचीन शिपयार्डने बांधलेली, शंभर प्रवाशांची. निम्मे बसून, निम्मे उभे. आत एसी. डिझेलचा वास नाही, इंजिनाची धडधड नाही. शेजारचे दोघे हळू आवाजात बोलत होते तेही ऐकू येत होतं. हिच्या बॅटऱ्या दहा-पंधरा मिनिटांत चार्ज होतात, त्यामुळे फेऱ्यांच्या मधल्या वेळात काम भागतं. दोन्ही काठांना माड, मधूनच जलपर्णीचे हिरवे पुंजके. साधारण पंचवीस मिनिटांत काक्कनाड आलं. तिथल्या आयटी कंपन्यांत जाणारी पोरं उतरून थेट फीडर बसकडे धावली.

या बॅटऱ्यांत भरली जाणारी वीज पूर्णपणे स्वच्छ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. केरळ आपल्या गरजेची बरीचशी वीज बाहेरून विकत घेतं आणि त्यातली पुष्कळ कोळशाची असते. त्या दृष्टीने वैक्कमजवळ वेंबनाड सरोवरात 2017 पासून धावणारी ‘आदित्य’ ही 75 प्रवाशांची सौरबोट एक पाऊल पुढे आहे. तिच्या छपरावरचे पॅनलच तिला बहुतेक वीज पुरवतात. पण वॉटर मेट्रोचं श्रेय मी बॅटरीइतकंच जोडणीला देईन. रेल्वे, बस आणि बोट एकमेकींना चिकटून असली की माणूस स्वतःची गाडी घरी ठेवायला तयार होतो. दहा बेटं आणि 38 धक्के जोडायची मूळ योजना आहे. ती पूर्ण व्हायलाच हवी.

मुन्नार-अलेप्पीला जाताना कोचीत फक्त रात्र काढून पुढे निघू नका. एक सकाळ राखून ठेवा आणि वैट्टिलाहून सुटणारी बोट पकडा, तीही ऑफिसच्या वेळेतली.